पावसाचा अंगरखा

सह्याद्रीत पाऊस वरून पडतो, हे अर्धंच खरं आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जुलैत उभं राहा, तो पायांखालून येतो. समुद्रावरून निघालेला वारा कोकणपट्टी ओलांडून कड्याच्या भिंतीला धडकतो. पुढे वाट नसते, म्हणून तो सरळ वर चढतो आणि येताना पाणी घेऊन येतो. नाणेघाटात तर धबधबेच उलटे फिरतात. खाली निघालेली धार वाऱ्याच्या एका लोटासरशी माथ्यावर फेकली जाते आणि काठावर उभ्या असलेल्यांच्या तोंडावर आदळते. राजगडाच्या संजीवनी माचीवर पाऊस आडवा असतो. तो कानात शिरतो, हनुवटीखालून गळ्यात उतरतो, बाहीच्या तोंडातून कोपरापर्यंत जातो. या डोंगरात चालायचं जॅकेट घेताना मी म्हणूनच आधी वाऱ्याचा विचार करतो, पावसाचा नंतर.

दुकानात मात्र सगळं बोलणं पाण्याचं. लेबलावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं: 10,000 मिलिमीटर, 15,000, 20,000. माझी पुतणी पहिल्यांदा ट्रेकला निघाली तेव्हा ते वाचून तिने विचारलं, ‘‘काका, आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो ना? मग दहा हजारचं पुरेल की!’’ प्रश्न रास्त होता, फक्त हे मिलिमीटर वेगळे. कापड ताणून धरायचं, त्यावर पाण्याचा स्तंभ चढवत न्यायचा, आणि खालच्या बाजूला थेंब पाझरायला लागले की स्तंभाची उंची मोजायची. दहा हजार म्हणजे दहा मीटर उंच पाणी पेलणारं कापड. पडणाऱ्या पावसाचा जोर याच्या जवळपासही नसतो. पाणी आत येतं ते दाब पडतो तिथून: सॅकचे पट्टे खांद्यावर जिथे रुततात तिथून, आणि ओल्या कातळावर बसलं की बुडाखालून. आणि येतं शिवणीतून. सुईने पाडलेलं एकेक भोक ही उघडी वाटच असते. म्हणून जॅकेट उलटं करून आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का, हे बोट फिरवून बघावं. खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणींवर तर दोनदा. पट्टी नसेल तर वीस हजारांचं कापडही भिजवतं.

खरी अडचण पुढेच आहे, आणि ती बाहेरून येत नाही. चढावर माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळतो. तो जाणार कुठे? या प्रश्नावर 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांच्या हाती एक उत्तर लागलं. टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणली की तुटायची. त्यांनी तिला एकदम हिसका दिला आणि ती न तुटता कितीतरी पट लांबली. त्या ताणलेल्या पदार्थात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली, थेंबाच्या मानाने हजारो पट लहान, वाफेच्या रेणूच्या मानाने शेकडो पट मोठी. थेंब अडतो, वाफ जाते. गोर-टेक्स त्यातून जन्माला आलं. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ हलक्या जॅकेटांत त्याऐवजी पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, पण वचन तेच: पाणी आत नाही, घाम बाहेर.

हे वचन थंड देशांच्या पावसात दिलेलं आहे. वाफ आपणहून कापड ओलांडत नाही. आत तिचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती निघते. स्कॉटलंडच्या डोंगरात आठ अंशांचा पाऊस पडत असतो तेव्हा बाहेरच्या गार हवेत वाफ मावतेच थोडी. अंगाची त्वचा चौतीस अंशांच्या आसपास, त्यामुळे आतून बाहेर ओढ मोठी. आपल्याकडे जुलैत बाहेर तेवीस-चोवीस अंश, आणि हवा आधीच वाफेने तुडुंब. हिशेब मांडला तर इथली ओढ तिथल्या निम्म्याच्या आसपास भरते. त्यात पावसाने बाहेरचं कापड चिंब झालं की उरलीसुरली वाटही बुजते. कापड कितीही महागाचं असो, डोंगराच्या या पदार्थविज्ञानापुढे त्याचं फार चालत नाही.

यातून माझं एक मत ठाम झालंय. सह्याद्रीच्या चढावर जॅकेट अंगात नको, सॅकमध्ये हवं. चढताना पाऊस अंगावर घ्यावा. तो गार नसतो, बोचत नाही, आणि आपण तरी डोंगरात कोरडं राहायला कुठे जातो? भाताची खाचरं भरलेली आहेत, बांधावरून पाणी पुढच्या खाचरात उतरतंय, कारवीची कोवळी पानं वाऱ्याने उलटी होतायत, पायाखालची वाट हाच एक ओढा झालाय. या सगळ्यातून नायलॉनची चुरचुर ऐकत, आतून उबत, चष्म्यावर वाफ धरत जायचं, हे मला पटत नाही. चटकन वाळणारा पातळ सदरा अंगात असला की पुरे. सुती मात्र नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि उन्हाचं तोंड दिसेपर्यंत वाळत नाही.

मग येते खिंड. चढ संपतो, झाडी मागे पडते, पाय थांबतात आणि वारा पहिल्यांदा पूर्ण अंगाने भेटतो. इतका वेळ चालण्याने राखलेली ऊब दहा मिनिटांत निघून जाते, कारण ओल्या अंगावरून वाहणारा वारा पाणी वाळवताना अंगातलीच उष्णता नेतो. कळसूबाईच्या माथ्यावर, 1646 मीटरवर, भर पावसाळ्यात ओठ निळे पडून थडथडणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. तापमान काही फार खाली गेलेलं नसतं. वारा, ओल आणि थांबणं, तिन्ही एकत्र आली की अंग गारठतं. बोटं ऐकेनाशी होतात, बोलणं अडखळतं, आणि उतरताना पाऊल चुकतं. जॅकेट आहे ते या घटकेसाठी. थांबलं की ते सॅकच्या वरच्या खणातून निघावं आणि ओल्या सदऱ्यावरच चढावं. आत कोरडेपणा येत नाही. ऊब येते, आणि तेवढी हवी असते.

हलकं जॅकेट का घ्यावं, याचं माझ्यापुरतं कारणही हेच. ते अंगात कमी आणि पाठीवर जास्त राहणार. दोनशे-अडीचशे ग्रॅमचं, मुठीएवढं होणारं जॅकेट माणूस आकाश निरभ्र असतानाही सोबत घेतो. सहाशे ग्रॅमचं घरी राहतं, आणि घरी राहिलेल्या जॅकेटने खिंडीत काय करायचं?

आपल्या माणसांनी हे सगळं केव्हाच सोडवलेलं होतं, फक्त वजनाची बाजू सोडून. कोकणात लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवरचं इरलं आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानांचे थर. डोक्यापासून कंबरेखालपर्यंत पाठ झाकलेली, पुढचा भाग पूर्ण मोकळा. वाकून रोप लावणाऱ्या माणसाला पाठच झाकायची असते, आणि घाम समोरून निघून जातो. हवा खेळती राहण्याचा इतका सरळ उपाय कुठल्याच कारखान्यातून आलेला मी पाहिलेला नाही. घाटमाथ्यावर वारा जास्त, तिथे घोंगडी. तिची खोळ करतात: एक कोपरा दुमडून डोक्यावर टोपीसारखा घ्यायचा आणि बाकीची घोंगडी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडायची. दख्खनी मेंढीची राठ लोकर, विणताना चिंचोक्याची खळ दिलेली. घोंगडी भिजते, पण लोकर भिजूनही ऊब सोडत नाही. पाचनईच्या वाटेवर गुरांमागे उभे असलेले एक मामा मला म्हणाले होते, ‘‘वली झाली तरी गारठा आत येत न्हाई बघा.’’ मला जॅकेटकडून काय हवंय, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. पण कोरडी असतानाच दोन-तीन किलो भरणारी घोंगडी ओली झाल्यावर उचलायला गुराख्याचेच खांदे हवेत. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 मध्ये दोन कापडांच्या मधे रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, आणि पुढे आपल्याकडे कोलकात्याच्या डकबॅकने रेनकोट घरोघरी पोचवला. पाणी अडलं, पण ऊब आणि हवा यांचा जो मेळ इरल्या-घोंगडीत होता, तो रबराच्या थराखाली घुसमटला.

तेव्हा निवडताना मी काय बघतो? सगळ्यात आधी टोपी. कपाळावर कडक पाळ असलेली, मागून आणि बाजूंनी नाडीने आवळता येणारी. दुकानातच ती घालून मान डावीकडे-उजवीकडे वळवावी. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. ती जागेवर राहिली आणि डोळ्यांपुढे नुसतं अस्तर आलं, तर घसरड्या उतारावर ते जॅकेट घातक आहे. मग काखेतली चेन. तळहात सहज जाईल एवढी लांब हवी आणि सॅक पाठीवर असताना एका हाताने उघडता आली पाहिजे. आपल्या हवेत घाम कापडातून जेवढा जातो त्याहून कितीतरी जास्त या चेनेतून जातो, म्हणून लेबलावरच्या ‘श्वास घेणाऱ्या’ आकड्यापेक्षा मी या दोन फटींना जास्त मोल देतो. बाहीच्या तोंडाला वेल्क्रो हवा, खाली घेराला नाडी हवी. पाऊस खालून येतो हे विसरायचं नाही. दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघावेत. कातळातल्या खोबणीला हात घालताना जॅकेट कंबरेवर सरकत असेल तर ते आखूड आहे.

कापड किती पातळ, हा जरा नाजूक मामला. डेनिअरचा आकडा जितका कमी, तितका धागा बारीक. पंधरा-वीस डेनिअरचं कापड हातात घेतलं की मन लगेच भुलतं. पण आपल्या वाटांना करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि पावसाळ्यात त्या वाटेवर झुकून येतात. करवंदीचा एकच काटा असं कापड वीतभर उसवतो. तीस-चाळीस डेनिअरपर्यंत गेलं तर पन्नास-साठ ग्रॅम वाढतील. ते मी आनंदाने वाहतो. जड सॅक घेऊन दोन-तीन दिवस चालणाऱ्याने तर तीन थरांचंच बघावं. अडीच थरांच्या जॅकेटात आतल्या थरावर नुसती छपाई असते, आणि पट्ट्याखाली घासून तो खांद्यावरच पहिल्यांदा झिजतो.

पोंचो सपाटीवर चांगला, सॅकही झाकतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर मात्र तो वाऱ्याने तोंडावर येतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. तिथे पोंचो नकोच. छत्री दाट झाडीतल्या वाटेला झकास, माथ्यावर निरुपयोगी. आणि कोणतंही जॅकेट असो, सॅकमध्ये जाड प्लास्टिकच्या पिशवीत कपड्यांचा एक कोरडा जोड गाठ मारून ठेवलाच पाहिजे. मुक्कामाला पोचल्यावर त्या जोडाची बरोबरी कुठलंच कापड करत नाही.

बाहेरच्या कापडावरून थेंब ओघळून जावेत म्हणून जो लेप देतात, त्यात वर्षानुवर्षं फ्लोरिनची अशी रसायनं वापरली गेली, जी निसर्गात जवळजवळ विघटनच पावत नाहीत. आता त्यांच्याशिवायचे लेप आले आहेत. ते घामाने आणि तेलकटपणाने लवकर उतरतात, जॅकेट वरचेवर धुवावं लागतं. तरी मी तेच घेतो. गडावरच्या ज्या टाक्यातलं पाणी ओंजळीने प्यायचं, त्याच डोंगरावर हे रसायन पाझरवत फिरायचं हे मनाला पटत नाही.

धुवायचं ते सौम्य साबणाने. कपड्यांची पावडर लेपाला बाधते. मग सावलीत पूर्ण वाळवायचं आणि लेबलावर परवानगी असेल तर अगदी मंद इस्त्री फिरवायची. उष्णतेने लेप पुन्हा उभा राहतो. सप्टेंबर संपला की पुष्कळ जण जॅकेट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पॉलियुरेथेनला तेवढं निमित्त पुरतं. काही वर्षांनी उघडाल तर आधी आंबूस वास येतो, मग बोटांना चिकटा लागतो, आणि मग आतला थर साप कात टाकतो तसा पातळ पापुद्र्यांनी सुटून येतो. त्यावर इलाज नाही. ते हँगरवर, मोकळ्या हवेत, एखाद्या माणसासारखं टांगलेलं बरं.

राहिला रंग. दुकानात तरुण मुलं काळं, करडं, लष्करी हिरवं उचलतात. फोटोत शोभून दिसतं. ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचा माणूस नाहीसा होतो. वाऱ्याच्या घोंगावण्यात हाक पोचत नाही. सगळ्यात मागे चालणारा थकलेला असतो, त्याची चाल मंदावलेली असते, आणि कडा कुठे संपतो ते त्याला दिसत नसतं. अशा वेळी मागे वळून बघणाऱ्याच्या नजरेला पहिल्यांदा दिसतात ते नारिंगी आणि पिवळा. पुतणीला मी नारिंगी घ्यायला लावलं. तिला तो रंग आवडला नव्हता, आणि तरीही मी हट्ट सोडला नाही.