वाघ्याचे पट्टे

आमच्या कोरेगाव तालुक्यात घेवडा म्हटला की तो वाघ्याच. गुलाबीसर दाणा आणि त्यावर तांबड्या रेघा. कुणी वाघ रंगवावयास बसावे आणि अर्ध्यावरच उठून जावे, तशा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मी वर्तमानपत्र वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं. पण म्हणून उसळ काही निराळी लागायची नाही."

गेल्या वर्षी माझ्या रक्तात साखर सापडली. डॉक्टरांनी एक छापील कागद हाती दिला. कर्बोदके कमी करावयाची. भात, पोळी, बटाटा ठीक. पण खाली घेवडाही होता! सौ.ने तो कागद स्वयंपाकघरात चिकटवला. त्या रात्री आईने कांदा-लसणीचा मसाला घालून केलेली उसळ वाढली आणि मी वाटी बाजूला सारली. मास्तरकीची सवय वाईट. कारणही सविस्तर सांगितले.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून दोडका सुरू झाला.

या पथ्याच्या मुळाशी जावे म्हणून मी वाचावयास घेतले, तो विल्यम बँटिंग भेटला. लंडनात अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारा हा लठ्ठ गृहस्थ पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून वर्षभरात ४६ पौंडांनी उतरला आणि १८६३ साली त्याने त्यावर पुस्तिका लिहिली. मौज अशी की, घोड्याला जसे घेवड्यासारखे दाणे रोजच्या रोज बाधतात, तसे हे पदार्थ उतारवयातल्या माणसाला बाधतात, असे सांगून त्याने वर्ज्य पदार्थांना घेवड्याचेच नाव दिले. बिचाऱ्या दाण्याची बदनामी इतकी जुनी!

मग मी आकडे मांडले. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात कर्बोदके सुमारे २८ ग्रॅम. तितक्याच शिजवलेल्या पिंटोत, म्हणजे आमच्या वाघ्याच्या अमेरिकेतल्या ठिपकेदार भाऊबंदात, २६. कागदाच्या लेखी दोन्ही सारखेच गुन्हेगार. परंतु पिंटोच्या २६ पैकी ९ ग्रॅम नुसता चोथा, त्याची साखर होत नाही. उरलेले पिष्टही हळूहळू पचते. शिवाय प्रथिने ९ ग्रॅम. वर्गातली दोन मुले सारखे गुण मिळवतात म्हणून सारखी नसतात, हे मला तरी कळावयास हवे होते.

वही घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "अर्धी वाटी खा. बरोबर भात नको, भाकरी अर्धीच. दोन तासांनी साखर तपासा."

घरी येऊन सांगितले, तेव्हा सौ. म्हणाली, "महिनाभर आईंनीही घेवड्याला हात लावला नाही. 'एकटीसाठी काय शिजवायचं' म्हणतात."

मी काय बोलणार!

त्या रात्री आईने घेवडा भिजत घातला. दुसऱ्या दिवशी पातेल्यावरचे झाकण काढले, तो पट्टे पुष्कळसे गेलेले. सगळे दाणे एका रंगाचे झालेले. माझ्या लहानपणची छोटी वाटी तिने कुठून शोधून काढली होती, कोण जाणे.

दोन तासांनी मी बोट टोचले. आई चष्मा लावून शेजारी बसली.

"किती रे?"

मी आकडा सांगितला. तिला त्यातले काही कळले नसावे. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग उठली आणि तोवर झाकून ठेवलेली उसळ तिने आपल्या ताटात वाढून घेतली.