उद्या दोघं एकाच वर्गात बसणार आहेत

आमच्या निमोण्यात टोपणनाव नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. कुणी काळ्या, कुणी बोबड्या. त्यामुळे पोराने घरी येऊन काही सांगितलं, की उत्तर ठरलेलं, "पोरं चिडवायचीच, त्यात काय एवढं!" पण चिडवणं वेगळं आणि छळणं वेगळं. चिडवण्यात आज तुझी पाळी, उद्या माझी. छळात पाळी रोज एकाचीच.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातला सहावीतला एक मुलगा. (गाव, शाळा मुद्दामच सांगत नाही.) बोलताना तो अडखळतो. तीन-चार पोरं त्याची नक्कल करायची, डबा लपवायची. आईने शाळेत सांगितलं. सरांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर त्या पोरांना उठाबशा काढायला लावल्या, हात मिळवायला लावले. झालं, मिटलं! दुसऱ्या दिवसापासून याचं नवीन नाव 'चुगल्या'. आता सकाळ झाली, की त्याचं पोट दुखतं.

सरांचा हेतू वाईट नव्हता, पण इलाज चुकला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. आणि आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणजे छळणाऱ्यालाही नाही. शहरात निदान शाळा बदलता येते. गावात शाळा एक, एसटी एक, जत्रा एक, आणि पुष्कळदा भावकीही एकच. उद्या दोघं एकाच वर्गात बसणार, हे धरूनच मार्ग काढायला हवा.

आमच्याकडे घोडच्या पाण्यावर ऊस आहे. हंगामात बीडकडून तोडणीवाले येतात, त्यांची काही मुलं चार-पाच महिने गावच्या शाळेत बसतात. बोली वेगळी, कपडे वेगळे. घरी सांगावं तर आई-बाप पहाटेच फडात गेलेले. अशा मुलाची बाजू वर्गात कोण घेणार?

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. छळणारे तीन असतात, सोसणारा एक. बाकीचा वर्ग बघत असतो, हसत असतो. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला, त्याचा सगळा भर या बघणाऱ्यांवर आहे. शिक्षक आधी सोसणाऱ्या मुलाशी एकांतात बोलतात, मग छळणाऱ्यांशी एकेकट्याने. वर्गात ज्यांचं ऐकलं जातं अशा दोन-चार मुलांना त्याच्या सोबतीला राहायला सांगतात. आणि थोड्या दिवसांनी पुन्हा विचारतात, थांबलं का? यातल्या कशाला पैसे लागतात, सांगा बरं!

आपल्याकडे नियमांचा तुटवडा नाही. २०२२ पासून शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायची आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तर पाऊण सदस्य पालकच असतात.

सोमवारी त्याची आई पुन्हा मुख्याध्यापकांकडे जाणार आहे. कुणाला शिक्षा करा, असं ती म्हणणार नाही. तिच्या मागण्या तीनच: याचं ऐकून घेणारे एक ठरलेले शिक्षक हवेत, डबा खाताना सोबतीला दोन पोरं हवीत, आणि पंधरा दिवसांनी कुणीतरी त्याला आपणहून विचारावं, "काय रे, आता कसं चाललंय?"