कसर, तंगूस आणि केळव्याची पडवी

पावसाळा लागला की केळव्याचा किनारा दोघांत वाटला जातो. सुरूच्या बनाखालचा भाग सहलीला आलेल्यांचा: कांदाभजी, भाजलेली कणसं, शीतलादेवीचं दर्शन आटोपून समुद्राकडे वळलेली कुटुंबं. तिथून दक्षिणेला दांड्याच्या खाडीच्या अंगाला सरकलं की आवाज बसत जातो. होड्या वर ओढलेल्या असतात, त्यांवर ताडपत्र्या करकचून बांधलेल्या असतात, आणि खारा वारा त्या ताडपत्र्यांची टोकं दिवसभर फडफडवत राहतो. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद. लांबून बघणाऱ्याला वाटतं, नारळी पौर्णिमेपर्यंत इथे आता काही घडायचं नाही. घडतं ते पडवीत. वाशांना टांगलेली जाळी खाली येतात, झटकली जातात, फाटलेली बाजूला पडतात, उरलेली पुन्हा वर जातात. दोऱ्यांची वेटोळी, बोयांच्या माळा, शिशाच्या गोळ्या, गळांच्या डब्या, सगळं एकदा उजेडात येतं. वर्षभराच्या मासेमारीतलं हे सर्वांत कमी पाहिलं जाणारं काम आहे, आणि माझ्या मते विचार करण्याजोगंही तेच आहे. माझं म्हणणं असं, की सामान नीट लावून ठेवण्याची शिस्त माणसाला स्वभावाने येत नाही, ती सामानाच्या नासण्याने येते. जे कुजतं, गंजतं, ज्याला कसर लागते, त्याला माणूस जपतो. जे नासत नाही त्याच्याबद्दल तो निर्धास्त होतो, आणि या निर्धास्तपणाचा भुर्दंड सहसा तिसऱ्यालाच बसतो.

आधी ही शिस्त कशी दिसते ते जवळून पाहू. एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला गळ, असं जे सामान असतं ते नुसतं गोळा करून ठेवता येत नाही. शंभर गळ एकमेकांत अडकले तर ते सोडवण्यात अख्खी भरती निघून जाते. म्हणून दोरी टोपलीत वेटोळी घालत सोडतात आणि एकेक गळ टोपलीच्या काठाला ओळीने टोचत जातात. जो गळ शेवटी टोचला तो पाण्यात पहिला जाणार, हे टोचतानाच ठरतं. म्हणजे टोपलीतला क्रम हा उद्याच्या पाण्यातला क्रम असतो, फक्त उलटा. जाळ्यांचंही तसंच. डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, उधाणाच्या ओढीवर चालते. पाणी जोरात वाहिलं तरच तिची पिशवी फुगते. तोंडाशी तिचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, हात जाईल एवढे मोठे, आणि मागे लहान होत होत खोल्यापाशी, म्हणजे पिशवीच्या टोकाशी, जवळा अडकेल इतके बारीक. भांगाच्या मंद पाण्यात तिचा उपयोग थोडा. वाहत्या पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं वेगळं, त्याच्या आसात मासा कल्ल्यांशी अडकतो. त्यामुळे आस कितीचा यावर कोणता मासा हे ठरतं. केळव्याच्या उत्तरेला माहीम, शिरगाव ओलांडून सातपाटी लागते; तिची सगळी ख्याती अशा जाळ्यातल्या पापलेटवर उभी आहे. २०२३ साली राज्याने चंदेरी पापलेटला राज्यमासा ठरवलं, पण त्याचं वय आणि आकार पडवीतल्या आसांना फार आधीपासून ठाऊक होता. सांगायचं ते एवढंच, की इथली मांडणी वस्तूंच्या जातीप्रमाणे नसते. सगळ्या दोऱ्या एकीकडे आणि सगळे बोये दुसरीकडे, असं पाहुण्याला सोयीचं वाटेल. घरच्या माणसाला महिना, पाणी आणि मासा या हिशेबाने सामान हाताशी लागतं.

ही मांडणी कुणी हौसेने शोधून काढलेली नाही. नायलॉन येण्याआधी जाळी सुताची आणि सणाची असत, आणि ओलं सूत ढिगात पडलं की आतून तापतं आणि कुजतं. एक रात्र आळस केला तर आठवडाभराचं विणकाम हाताने ओढताच तुटे. म्हणून प्रत्येक फेरीनंतर जाळं पसरून वाळवायचं, आणि ठरावीक दिवसांनी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं. सालीतलं टॅनिन धाग्यात मुरलं की कुजण्याचा वेग मंदावतो. पण समुद्राचं पाणी ते पुन्हा धुऊन नेतं, म्हणून काढा पुन्हा उकळायचा. ऐन जंगलातला, जाळं किनाऱ्यावरचं. म्हणजे एका जाळ्याच्या आयुष्यासाठी डोंगर आणि समुद्र दोघांना राबावं लागे. जाळं कधी बुडवलं, कुठला पट्टा जुना, कुठला नवा, हे लक्षात ठेवणं भाग होतं. विसरभोळ्या माणसाचं जाळं समुद्रातच उत्तर देई.

हाच नियम तपासायला मी मुद्दाम अगदी दुसऱ्या टोकाचं सामान घेतो. गळाला पिसं आणि केस बांधून त्याची खोटी माशी करायची आणि तिने मासा फसवायचा, हा छंद युरोपात वाढला आणि साहेबाबरोबर इथे आला. मद्रास इलाख्यातला अधिकारी एच. एस. थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून महसीर धरणाऱ्यांची एक छोटी जमात या देशात आहे. या लोकांचं सगळं जग एका टेबलावर मावतं. मधोमध गळ धरून ठेवणारा चिमुकला शिकंजा, शेजारी रेशमासारख्या दोऱ्याच्या रिळी, आणि भोवती सामान: कोंबड्याच्या मानेची पिसं, मोरपिसातले तंतू, हरणाच्या शेपटीचे केस, बदकाची पिसं. एका माशीला यातलं चिमूटभर पुरतं, पण निवड चुकली तर पाण्यावर तरंगायची माशी बुडते. हे सगळं सामान नखांच्या आणि केसांच्याच द्रव्याचं, म्हणजे केराटिनचं बनलेलं आहे, आणि कसरीच्या अळ्यांना ते फार आवडतं. एक किडलेलं पीस डब्यात शिरलं की वर्षभरात तळाशी भुकटी उरते. म्हणून नवं पीस थेट जुन्यांत मिसळायचं नाही. ते वेगळ्या बंद पिशवीत ठेवायचं, काही दिवस बर्फाच्या कपाटात गोठवायचं, बाहेर काढून पुन्हा गोठवायचं, आणि मगच डब्यात जागा द्यायची. आपल्याकडे पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळून डांबरगोळ्यांच्या सोबतीला ठेवतात, त्यामागे हीच भीती. केळव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेत असं टेबल मांडलं तर कसरीच्या जोडीला बुरशी आणि गंज हेही पाहुणे येतील. चाळीस वेगवेगळ्या मापांचे गळ एका श्रावणात तांबूस पडतील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पोटासाठी जाळं सांधणारा दांड्याचा मांगेला मच्छीमार कुठे, आणि फावल्या वेळात पिसं लावणारा छांदिष्ट कुठे? तुलना अस्थानी नाही का? उलट, छांदिष्ट माझ्या कामाचा आहे तो याच कारणाने. त्याला बाजाराची सक्ती नाही, नाखव्याचा हिशेब नाही, मासा नाही मिळाला तर चूल बंद पडत नाही. तरीही तो काटेकोर आहे. त्याच्या काटेकोरपणाला नासण्याच्या धाकाखेरीज दुसरं सबळ कारण सापडत नाही. आणि गंमत अशी की त्याच्याच टेबलावर जे न नासणारं सामान आहे, प्लास्टिकचे चकचकीत तंतू, कृत्रिम लोकर, ते बहुधा एकाच खोक्यात कोंबलेलं आढळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नायलॉन आलं म्हणून काढा उकळणं सुटलं, पाठी वाचल्या, जाळं हलकं झालं, मासा जास्त लागला. हे सगळं मान्य. काढ्याच्या दिवसांचे गोडवे गाणारा माणूस सहसा त्या चुलीच्या धुरात कधी बसलेला नसतो. नायलॉन परत करा असं म्हणणं निव्वळ पोरकटपणा होईल. पण नायलॉनने काय दिलं हे सांगताना त्याने काय काढून घेतलं हेही लिहावं. सुताला ऊन हवं असे. नायलॉन उन्हात ताकद गमावतं, त्याला सावली हवी. ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, तरी जाळी सर्रास उन्हात पडलेली दिसतात, कारण नायलॉनचं नुकसान वासाने किंवा रंगाने लगेच कळत नाही. ते वर्षा-दोन वर्षांनी कळतं, आणि तोवर दोष कुणाला द्यायचा हे विसरायला झालेलं असतं. दुसरं म्हणजे कात्रण. जाळं सांधताना फाटका भाग कापून टाकावाच लागतो. सुताचं कात्रण वाळूत पडलं की पावसाळ्यात संपत असे. आजचं संपत नाही. ते भरतीबरोबर आत जातं, आणि तिथे त्याचे दोन रस्ते होतात. पॉलिथिलीनच्या दोऱ्या पाण्याहून हलक्या, त्या तरंगत किनाऱ्याला लागतात. नायलॉन पाण्याहून जड, ते तळाला बसतं. सुरूच्या मुळांत अडकलेला हिरवा-निळा गुंता पाहून हळहळणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावं, की दिसतो तो फक्त तरंगणारा वाटा.

इथे मच्छीमारांच्या बाजूने एक खरी तक्रार पुढे येते. हजारो रुपयांचं जाळं कुणी हौसेने समुद्रात सोडत नाही. ट्रॉलर आडवा जातो आणि जाळं फाडून नेतो, वादळ उठतं, तळाच्या खडकात जाळं अडकतं. याला बेशिस्त म्हणणं अन्यायाचं आहे. बरोबर आहे, आणि म्हणूनच हरवलेलं जाळं आणि टाकलेलं कात्रण यांत मी फरक करतो. हरवणं हा अपघात, टाकणं ही सवय. पण हरवलेल्या जाळ्याच्या बाबतीतही एक प्रश्न उरतो: सापडलं तर ते कुणाचं, हे कसं कळणार? डोलीचे खुंट कुठले कुणाचे हे गावाला तोंडपाठ असतं, त्यावरून भांडणंही होतात. खुंटाला मालक आहे. वाहून गेलेल्या तुकड्याला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सदस्य देशांनी २०१८ साली मासेमारीच्या सामानावर मालकाची खूण असावी अशी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. ती ऐच्छिक आहेत, म्हणजे आपल्याकडे ती कागदावर राहणार हे सांगायला ज्योतिषी नको. तरी त्यांतला विचार पक्का आहे. कुजण्याचा धाक गेला असेल, तर त्याची जागा नावाने घ्यावी.

नाव किती महत्त्वाचं, याचा पुरावा पिसांच्याच जगात आहे, आणि तो माझ्या म्हणण्यातली एक फटही उघडी करतो. सामन या माशासाठी बांधायच्या खोट्या माश्यांचे भपकेबाज नमुने व्हिक्टोरिया राणीच्या काळात रूढ झाले. त्यांना दूरदेशीच्या पक्ष्यांची पिसं लागत. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं, टोकाला मेण थापल्यासारखं चमकणारं पीसही त्यांत होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या कोंबड्याला आता संरक्षण आहे. अशाच पिसांच्या मोहाने जून २००९ मध्ये लंडनमध्ये बासरी शिकणाऱ्या एका तरुणाने ट्रिंग इथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांतली काही निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेली होती. चोरी करणारा तो तरुण माशा बांधण्यात निष्णात होता, आणि पिसं नीट पिशव्यांत भरून विकत होता. म्हणजे शिस्त होतीच. पोलिसांच्या हाती १७४ कातडी अखंड लागली, आणि त्यांपैकी फक्त १०२ना चिठ्ठी शिल्लक होती. कुठे, कधी, कुणी धरला हे लिहिलेली ती चिठ्ठी गेली की संशोधकाच्या लेखी पक्षी जवळजवळ निकामी होतो. पिसाला कसर लागली नव्हती, रंग उडाला नव्हता, तरी नासाडी झाली होती. तेव्हा नासण्याच्या धाकाने शिस्त येते हे खरं असलं, तरी ती शिस्त वस्तू तेवढी वाचवते. वस्तू कुठून आली आणि कुठे जाणार, हे ती विचारत नाही. सुताच्या काळात पडवीला हा प्रश्न पडण्याचं कारणच नव्हतं, कारण सालीपासून कुजण्यापर्यंत सगळा प्रवास डोळ्यांसमोर होता. आज नायलॉनचं रीळ कारखान्यातून येतं आणि कात्रण कुठे जातं ते दिसत नाही. पडवीची शिस्त अजून आहे, फक्त ती उंबऱ्यापाशी थांबते.

तेव्हा दोन सूचना. केळव्याला आणि दांड्याच्या खाडीवर सुट्टीच्या दिवशी गरवायला येणाऱ्यांनी गुंतलेली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कापून खडकावर टाकू नये. चार बोटांभोवती गुंडाळावी, गरी सोडवून घ्यावी, डबीत घालावी आणि घरी न्यावी; बगळ्यांच्या पायांत ती अडकते. आणि जाळी सांधायचे दोन महिने खाडीच्या काठी कात्रणांसाठी एक मोठं पिंप ठेवायला आणि आठवड्यातून एकदा ते रिकामं करायला ग्रामपंचायतीला फार खर्च येणार नाही.