आईचा हात

ऑर्वेलची '1984' कॉलेजात वाचली, तेव्हा छळाच्या खोली क्रमांक 101 मधल्या उंदरांनी झोप उडवली होती. पन्नाशीनंतर परवा पुन्हा हातात घेतली आणि या खेपेला छळलं ते चॉकलेटनं.

कादंबरीत चॉकलेटचं रेशन 30 ग्रॅमवरून 20 वर येतं. दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी पक्षाचा टेलिस्क्रीन सांगतो, रेशन वाढवून 20 ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी पक्षाचा सर्वेसर्वा बिग ब्रदर याचे आभार मानले. कँटीनमध्ये बसलेला कादंबरीचा नायक विन्स्टन चकित होतो. शेजारचा पार्सन्स मात्र ही बातमी निमूट गिळतो. पुढे याच पार्सन्सची 7 वर्षांची मुलगी बापाला पकडून देते, आणि बापाला तिचं कौतुक वाटतं!

पण मी म्हणतोय ते चॉकलेट वेगळं. विन्स्टनच्या लहानपणातलं. वडील नाहीसे झालेले, घरात उपासमार, तिघांत मिळून दोन औंसांचा तुकडा. आई त्याला पाऊण भाग देते, पाव भाग धाकट्या बहिणीला. तो तिच्या हातातला तेवढाही हिसकावतो आणि पळ काढतो. आई मुलीला जवळ ओढते, छातीशी धरते. द्यायला काही उरलेलं नसतं, तर नुसता हात देते. तो घरी परततो तेव्हा दोघीही गेलेल्या असतात.

त्या हातानं पोट भरत नाही, मरणही टळत नाही. पक्षाच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. मला वाटतं, अशा राजवटीला बंडखोरांपेक्षा हा बिनकामाचा हात जास्त खुपतो, कारण तो कुणाच्या हुकमानं पुढे येत नाही. पुढे विन्स्टन पकडला जातो, आणि त्या खोलीत उंदरांचा पिंजरा तोंडाशी आल्यावर आपल्या जागी प्रेयसी ज्युलियाला पुढे करतो. आईनं लेकराभोवती हात टाकला होता. लेकानं आपल्यापुढे दुसऱ्याचं शरीर धरलं.

सुटका झाल्यावर चेस्टनट ट्री कॅफेत जिन पिताना त्याला एक दुपार आठवते. बाहेर पाऊस, आईनं आणलेली सापशिडी (आपल्या मोक्षपटाचीच विलायतेत गेलेली लेक), दोघांचे चार-चार डाव, आणि काही कळत नसताना खिदळणारी बहीण. समोर त्याचा छळ करणारा ओब्रायन नसतो, छळाचं यंत्र नसतं, कुणाची जबरदस्ती नसते. तरी ही आठवण खोटी आहे असं तो स्वतःच ठरवतो आणि बुद्धिबळाच्या पटाकडे वळतो.