घर गेल्याची नोंद कुठं होते?

"तुम्ही कोर्टातल्या केसेस लिहून घेता म्हणे. त्यात आमचं नाव हाय का?"

गायरानावर घर असलेल्या एका मावशींनी परवा विचारलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही.

झालं असं की, आपल्या औंढा भागात किती जणांना घर सोडावं लागलं, हे कोर्टाच्या नोंदीतून काढायचं मी ठरवलं. ई-कोर्टची साइट सगळ्यांना खुली आहे, म्हटलं सोपं काम. पण 'घर खाली करा' असा केसचा प्रकारच तिथं नाही. भाडेकरूचा दावा, बांधाचं भांडण, भावकीची वाटणी, सगळं 'रेग्युलर दिवाणी दावा' याच खान्यात. एकेक निकाल उघडून वाचावा लागतो. बरं, निकाल लागला म्हणजे घर गेलंच असंही नाही. ताबा द्यायची वेळ पुढं दरखास्तीत येते, बेलिफ दारात उभा राहतो तेव्हा. दावा आणि दरखास्त जुळवून बघितली नाही, तर एकच घर दोनदा मोजलं जातं.

एवढं करूनही मावशी त्यात नाहीतच. गायरानाची नोटीस महसूल अधिनियमाच्या कलम 50 खाली महसूल खात्याकडून निघते. कोर्टात दावा नाही, म्हणून साइटवर नंबर नाही. 2022 मध्ये उच्च न्यायालयासमोर गायरानावरच्या 2,22,153 बांधकामांचा आकडा आला, राज्यभर नोटिसा निघाल्या. पण तो आकडा बांधकामांचा. त्यातली किती कुटुंबं उठली, हे त्यातून कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 13 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं, बांधकाम पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस द्या; नोटीस, उत्तर, आदेश पोर्टलवर टाका. रस्ता, फुटपाथ, नदीकाठ अशा सार्वजनिक जागा आणि कोर्टानंच पाडायला सांगितलेली बांधकामं यातून वगळली आहेत. तरी मुद्दा मोठा आहे: घर पाडायचं तर त्याची उघड नोंद पाहिजे.

मावशींनी रेशनकार्डाच्या पिशवीतून जुनी नोटीस काढून दाखवली. हातात कधी पडली, ते आठवेना. मग दिवस कुठून मोजायचे?

म्हणून मंडळी, एक विनंती. नोटीस आली तर पाकिटासकट जपा. मिळाल्याची तारीख मागं लिहा, फोटो काढा, मला दाखवा. नाव छापणार नाही. कोर्टाच्या यादीत जे नाहीत, त्यांची वेगळी वही मी सुरू केलीय. पहिल्या पानावर मावशींचं घर आहे.