मुकेशचा आवाज

नाताळच्या सुटीत आमच्या गावी तरुणांचा करमणुकीचा कार्यक्रम असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात कॉलेजात जाणारा एक मुलगा रंगमंचावर आला, तोंड किंचित वाकडे केले आणि घोगऱ्या आवाजात आपले नाव मुकेश असल्याचे हिंदीत सांगितले. त्याला पुढे काही बोलावे लागलेच नाही. सारा मंडप हास्यात बुडाला. आम्हीही हसलो. पहिल्या रांगेत होतो, तेव्हा आमचे हसणे त्या मुलाला दिसले असेल आणि शाबासकीसारखे वाटलेही असेल.

विनोद कोणाला समजावून द्यावा लागला नाही, कारण मूळ चित्रफीत सर्वांना पाठ होती. २ ऑक्टोबर २०१२ पासून चित्रपटात तंबाखूसेवनाचे दृश्य असेल, तर आरंभी व मध्यंतरानंतर आरोग्याचा इशारा देणारी फीत दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक झाले. त्यांतली एक या मुकेशची. मुकेश हराणे हा आपल्याच महाराष्ट्रातला, भुसावळचा. आपण एकच वर्ष गुटखा खाल्ला, आता शस्त्रक्रिया होणार असून त्यानंतर कदाचित बोलता येणार नाही, असे तो रुग्णालयातून सांगतो. २७ ऑक्टोबर २००९ रोजी तो वारला, तेव्हा त्याचे वय २४ होते. म्हणजे चित्रपटगृहात ती फीत लागू लागली, त्याच्या तीन वर्षे आधीच हा मुलगा गेला होता. आणि ज्या आवाजाची आम्ही नक्कल ऐकली, तो आवाज आपला गळा सोडून जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाचा होता.

नक्कल करणारा आमच्या गावचा मुलगा काही पहिला नव्हता. यूट्यूबवर, व्हॉट्सॲपवर त्या वाक्यांची विडंबने किती फिरली याची गणती नाही. शासनाने मोठ्या खटपटीने लोकांसमोर मांडलेले दुःख लोकांनीच चार-दोन वर्षांत गमतीचा विषय करून टाकले. यात कोणा कारखानदाराला एक पैसाही खर्च करावा लागला नाही.

त्या मंडपात आमच्या शेजारी आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान बसले होते. त्यांची फुलांची वाडी. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुले न्यायची, म्हणून रात्री दोनला उठायचे. झोप उडावी म्हणून तोंडात पुडी. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली, तेव्हा बहिणीने सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण टपरीवाला हुशार. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत. दोन्ही एकत्र करायचे काम गिऱ्हाइकाचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना कालवणातले तिखट सोसेना. मग घास मोठा घेता येईना. डॉक्टरांनी आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. एक गेले, दुसरे कसेबसे. गालाच्या आतली कातडी सुपारीने चामड्यासारखी ताठ होत जाते, असे त्यांनी समजावले. तुकडा काढून तपासला. कर्करोग नाही, पण तो होणारच नाही असे कोणी म्हणाले नाही. दर काही महिन्यांनी परळची वारी ठरलेली आहे.

एकदा परतीच्या गाडीत आम्ही त्यांना त्या मंडपाची आठवण दिली. मेहुणे बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “दादा, ती फीत पहिल्यांदा बघितली ना, तेव्हा दोन महिने सोडलं होतं मी. खरंच घाबरलो होतो. पुढे जो तो त्याची नक्कल करायला लागला. ज्याला हसतो त्याला माणूस भितो होय?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही तेव्हा पहिल्या रांगेत होतो.

दूरदर्शन संचावर क्रिकेटचा सामना लागला की आता आम्ही षटकांच्या मधला वेळ अधिक लक्षपूर्वक पाहतो. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आडमार्गाच्या जाहिरातीलाही. म्हणून पडद्यावर येते ती वेलची. नाव पानमसाल्याचे, अक्षरे त्याच वळणाची, रंग तोच, आणि हातात पुडी घेऊन चित्रपटातले मोठमोठे नायक. एवढ्या खर्चाने वेलची विकायला निघालेला व्यापारी आमच्या उभ्या आयुष्यात आम्ही पाहिलेला नाही! २०१८ मध्ये चित्रपटगृहातल्या एका फितीत अक्षय कुमार नंदू नावाच्या माणसाला सिगारेटचे पैसे पत्नीच्या आरोग्यासाठी वापरायला सांगत होते. २०२२ मध्ये तेच या वेलचीच्या जाहिरातीत दिसले. लोकांनी इंटरनेटवर दोन्ही चेहरे शेजारी शेजारी ठेवले. त्या एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर क्षमा मागून अंग काढून घेतले आणि मानधन सत्कार्याला देण्याचे सांगितले. त्यांना आम्ही फार दोष देणार नाही. जगाचे डोळे त्यांच्यावर होते, म्हणून क्षमा मागावी लागली. आमच्याकडे तशी मागणी कोणी केली नाही.

हल्ली मेहुण्यांच्या खिशात वेलची असते, बहिणीच्या मसाल्याच्या डब्यातली. तल्लफ आली की एक दाणा तोंडात. परवा जेवणानंतर त्यांनी ती काढली, तेव्हा आमच्या पाच वर्षांच्या नातवाने जाहिरातीतली घोषणा त्याच सुरात, हात उंचावून म्हटली. घरातली सारी माणसे हसली. मेहुणेही हसायला गेले. त्यांचे तोंड आता दोन बोटांपलीकडे उघडत नाही.