पिक्चर साताऱ्यात, प्रेक्षक न्यू जर्सीत

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, डिसेंबरच्या थंडीत घोंगडं पांघरून आम्ही तंबूतला सिनेमा बघायचो. पिक्चर आपल्या मालकीचा असू शकतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नसे. तंबू उठला की पिक्चर गेला. पुन्हा बघायचा तर पुढची यात्रा.

मग व्हिडिओ आला. गल्लीत वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि भाडं वसूल व्हायला हवं म्हणून पहाटेपर्यंत तीन पिक्चर. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या मामानं मात्र स्वतःचा व्हीसीआर घेतला आणि दूरदर्शनवरचे मराठी पिक्चर रेकॉर्ड करायला लागला, मधल्या सातच्या बातम्यांसकट. प्रत्येक कॅसेटवर ठळक अक्षरात नाव आणि खाली ‘परत करणे’.

नव्वदच्या दशकात न्यू जर्सीला येताना त्यातल्या काही मी बॅगेत कोंबल्या, तर त्या इथं चालेचनात. भारतात पॅल, अमेरिकेत एनटीएससी. पडद्यावर नुसत्या पट्ट्या पळायच्या. दोन्ही चालणारा व्हीसीआर आमच्यात एकाच कुटुंबाकडे होता. त्यामुळे ‘धूमधडाका’ बघायचा तर शनिवारी सगळ्यांनी त्यांच्याकडे जायचं, सोबत काहीतरी करून न्यायचं. कॅसेटी हातोहात फिरायच्या. ‘परत करणे’ कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

पुढं सीडी आल्या. एका पिक्चरच्या दोन. पहिली संपली की आपोआप मध्यंतर. मामानं त्यांचाही ढीग केला. बऱ्याच कॅसेटी आणि सीडी मी सुट्टीत बसून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, ते बरं झालं. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत इर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि मामाचं कपाट पाण्यात गेलं. भिजलेल्या टेपला बुरशी लागली की ती व्हीसीआरमध्ये घालायचीही सोय राहत नाही.

आता सगळा संग्रह साताऱ्यात, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी असतो. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर पुराची भीती नाही. लहानसा कॉम्प्युटर आणि त्याला चार टीबीची डिस्क. दोन सीडींचा पिक्चर साधारण सव्वा जीबीचा, म्हणजे असे तीन हजार सहज मावतील. त्यावर हे पिक्चर दुसरीकडे बघू देणारं जेलीफिन हे फुकट सॉफ्टवेअर. न्यू जर्सीत बसून ते बघायचं म्हटल्यावर अडचण आली ती साताऱ्याच्या इंटरनेटची. कंपनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते, त्यामुळे बाहेरून आपल्याच घराची कडी वाजवता येत नाही. टेलस्केल या सेवेनं तो प्रश्न सोडवला: दोन्हीकडची यंत्रं आतून बाहेर जोडणी करतात आणि मधे खाजगी वाट तयार होते.

साताऱ्यात लाइट गेली की मात्र सगळं ठप्प. ‘स्वदेस’मध्ये गावात पडदा लावून सिनेमा चालू असताना लाइट जाते, तो प्रसंग मला त्यामुळे फार जवळचा. (त्यातला मेणवलीचा घाट दिसला की मी गोष्ट सोडून घाटच बघत बसतो, ते वेगळं.) इथं रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेसहा. पिक्चर थांबला की मी फोन करतो.

‘आई, डब्यावरचा हिरवा दिवा लागलाय का बघ गं.’

‘लागलाय, पण लुकलुकतोय. पूजा उरकून बघते. तुझा पिक्चर काही पळून जात नाही.’

ओटीटी असताना हा खटाटोप कशाला, असं पोरं विचारतात. तिथं करार संपला की पिक्चर गायब होतो, हे एक. शिवाय सातच्या बातम्यांसकटचा पिक्चर कोण दाखवणार? पण खरं सांगायचं तर इथं तो बघायला मी एकटाच असतो. मागायला कुणी येत नाही, कुणी ठेवूनही घेत नाही.

जेलीफिनमध्ये कुणी काय बघितलं याची नोंद राहते. परवा पाहिलं, तर माझ्यापेक्षा जास्त वापर साताऱ्यातच होता, तोही भरदुपारी. विचारल्यावर कळलं, आई भिशीच्या बायकांना पिक्चर लावून देते. मी काही बोलायच्या आत तिनंच फर्मान सोडलं, ‘त्यात माहेरची साडी नाही. बायका विचारतायत.’

ती सीडी उतरवायची राहिली होती, पुरात गेली. मामा सांगलीत ओळखीपाळखीत विचारतोय.